लोखंड जागेवर राहावं म्हणून : पोलादाच्या वाहतुकीतल्या बांधणीचा आढावा

कळंबोलीच्या पोलादबाजारातून निघणाऱ्या ट्रेलरच्या चालकाकडे काट्याची पावती असते आणि ई-वे बिल असतं. गाडीत किती माल आहे, कोणाचा आहे, कुठे चालला आहे, हे त्या कागदांवरून किलोपर्यंत सांगता येतं. तो माल गाडीला कशाने धरून ठेवला आहे, हे मात्र कुठल्याच कागदावर नसतं. वीस टनांची कॉईल असेल तर तिच्या पोटाखाली लाकडी पाचरी दिसतात, वरून साखळ्या किंवा तारेचा दोर दिसतो, कधी नुसता नायलॉनचा पट्टा. तेवढं पुरेसं आहे का, या प्रश्नाचं उत्तर गाडीच्या चालकापासून वाहतूक पोलिसापर्यंत प्रत्येक जण अनुभवाने देतो, आणि प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न लांबचा नाही. डोलवीत पत्र्याच्या कॉईल तयार होतात. जालन्याच्या रोलिंग मिलमधून सळई राज्यभर जाते. तळोजा आणि खोपोलीच्या पट्ट्यात पोलाद कापलं-वाकवलं जातं, आणि मुंबई शहरातला लोखंडबाजार बाहेर काढण्यासाठी सिडकोने वसवलेल्या कळंबोलीतून ते पुढे वाटलं जातं. यातला बराच माल बोरघाट किंवा कसारा घाट चढतो-उतरतो, किंवा मुंबई-गोवा महामार्गावरून जातो. त्याच रस्त्यांवर एसटी असते, दुचाकी असते, शाळेची गाडी असते. म्हणून गेल्या तीन दशकांत या विषयावर जगात काय ठरलं, आपल्याकडे काय ठरलं आणि काय राहून गेलं, हे एकदा क्रमाने मांडून पाहणं गरजेचं आहे.

वजन स्वतःला धरत नाही

सगळ्या चर्चेच्या मुळाशी एक समज आहे : एवढा जड माल, तो कशाला हलतोय? हा समज अडाणीपणाचा नाही. हाताने ढकलून न हलणारी वस्तू आपोआप हलणार नाही, असंच रोजचा अनुभव सांगतो. पण गाडीवर हिशोब वेगळा होतो. वजन दुप्पट केलं की खालच्या पृष्ठभागाशी होणारं घर्षण दुप्पट होतं हे खरं. पण ब्रेक लागल्यावर मालाला पुढे रेटणारा जोरही दुप्पट होतो. वजन दोन्ही बाजूंनी कटतं. उरतो तो फक्त घर्षणांक, म्हणजे तळ किती खरबरीत आणि किती कोरडा आहे एवढाच प्रश्न. पोलादी फळीवर ठेवलेलं पोलाद या बाबतीत फार वाईट. त्याचा घर्षणांक ०.२ च्या आसपास, आणि तेलाचा हात लागलेला पत्रा असेल तर त्याहून कमी.

अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही ठिकाणी बांधणीचा हिशोब करताना जोरदार ब्रेकसाठी वजनाच्या ८० टक्के जोर पुढच्या दिशेने धरतात, वळणासाठी आणि मागच्या दिशेने साधारण ५० टक्के. आता वीस टनांची कॉईल घेऊ. ब्रेकमध्ये तिला रेटणारा जोर सोळा टन. घर्षण ०.२ धरलं तर त्यातले चार टन ते सांभाळतं. उरलेले बारा टन बांधणीने किंवा अडसराने सांभाळायचे.

इथे पट्ट्यांचा मोठा गैरसमज येतो. पट्ट्यावर अडीच टन लिहिलेलं असतं, म्हणून पाच पट्टे म्हणजे साडेबारा टन, असा हिशोब सर्रास केला जातो. पण मालावरून टाकून रॅचेटने आवळलेला पट्टा मालाला मागे ओढत नाही, तो फक्त खाली दाबतो. हाताने रॅचेट आवळून पट्ट्यात चारशे किलोच्या आसपास ताण येतो. दोन बाजू धरून दाब आठशे किलो, आणि त्यातून मिळणारं जादा घर्षण आठशेच्या पाचवा हिस्सा : एकशे साठ किलो. बारा टनांसाठी असे पंच्याहत्तर पट्टे लागतील. तेच कॉईलखाली घर्षणांक ०.६ असलेली रबरी चटई घातली तर बारा टन चटईच सांभाळते आणि नऊ पट्ट्यांत काम भागतं. सुरक्षिततेची जादा पट मी धरलेली नाही; ती धरली तर आकडे वाढतील. तरीही रबराची एक पट्टी किती काम करते, हे या एका उदाहरणावरून दिसतं. आपल्याकडे ती क्वचितच वापरली जाते.

आणि हे सगळं सपाट रस्त्यावरचं. खड्ड्यात गाडी आदळली की माल क्षणभर हलका होतो, त्या क्षणी घर्षणही जातं. लाकडी पाचर दबते, बंडल बसतं, आणि निघताना घट्ट असलेली साखळी पन्नास किलोमीटरवर सैल होते. अमेरिकेच्या नियमात चालकाने पहिल्या पन्नास मैलांच्या आत, म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटरवर, गाडी थांबवून बांधणी तपासावी असं म्हटलं आहे, ते यासाठीच. त्यानंतर दर तीन तासांनी किंवा दीडशे मैलांनी, जे आधी येईल तेव्हा पुन्हा.

सळईची गोष्ट आणखी वेगळी. बंडलाला बाहेरून कितीही आवळलं तरी मधल्या सळयांपर्यंत तो ताण नीट पोचत नाही. जोरात ब्रेक लागला की बाहेरच्या जागेवर राहतात आणि आतल्या पुढे निघतात, थेट केबिनच्या पाठीत. बारा मीटरची सळई लहान गाडीत बसावी म्हणून मध्ये वाकवून दुमडतात. त्या बंडलाचं तोंड पुढे ठेवायचं की मागे, यावरही चालकांमध्ये दोन तट आहेत.

आपल्याकडची चर्चा : वजन आणि बाहेर आलेली टोकं

भारतात या विषयाचा इतिहास दोन प्रश्नांभोवती फिरला. गाडीत किती भरायचं आणि गाडीबाहेर किती येऊ द्यायचं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वजनाची मर्यादा घातली, १९८९ च्या केंद्रीय नियमांनी लांबी-रुंदी-उंचीची. जादा वजनाबद्दल दंड भरला की गाडी तशीच पुढे न्यायची, ही अनेक राज्यांतली सवय होती. काही राज्यांनी तर त्यासाठी परवानेच दिले होते. २००५ साली परमजित भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं आणि जादा माल उतरवलाच पाहिजे हे ठासून सांगितलं.

बाहेर आलेल्या सळयांचा प्रश्न याहून जास्त गाजला, कारण त्याचे बळी मागून येणारे होते : रात्रीच्या अंधारात उभ्या ट्रकवर आदळलेले मोटारचालक आणि दुचाकीस्वार. तोवर मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर ठेवायला नियमातच मुभा होती. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २०१४ साली केंद्राने ती मुभा काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीने बाहेर आलेल्या मालाला वीस हजार रुपयांचा स्वतंत्र दंड आला, आणि जादा वजनाला वीस हजार अधिक प्रत्येक जादा टनामागे दोन हजार.

मधल्या काळात, २०१८ च्या जुलैमध्ये, आसांवरची वजनमर्यादाच वाढली. तीन आसांच्या ट्रकचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं आणि सर्वांत मोठ्या ट्रेलरचं ४९ वरून ५५ वर. वाहतूकदारांच्या मते ही दुरुस्ती फार आधीच व्हायला हवी होती, कारण नव्या गाड्या तेवढं वजन पेलू शकतात. रस्ता-सुरक्षेवर काम करणाऱ्यांची शंका अशी की जुन्या मर्यादेवर जितकं जादा भरलं जायचं तितकंच नव्या मर्यादेवरही भरलं जाईल. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण दोघेही बांधणीबद्दल बोलत नव्हते. गाडीवर कायद्याने साडेतीन टन जास्त चढले, तेव्हा ते धरून ठेवणाऱ्या साखळ्या किती वाढल्या पाहिजेत हा प्रश्न त्या चर्चेत आलाच नाही.

माझ्या मते याचं कारण सोपं आहे. वजन काट्यावर दिसतं. टोलनाक्यावर चालत्या गाडीचं वजन घेणारी यंत्रं आहेत. बाहेर आलेली सळई लांबून दिसते. बांधणी तपासायला मात्र ताडपत्री वर करावी लागते, वाकून पाचर पाहावी लागते, साखळीवरचा दर्जाचा शिक्का वाचावा लागतो, आणि वाचलेलं कशाशी ताडून पाहायचं ते माहीत असावं लागतं. धोका होईल अशा रीतीने माल भरू नये, ही भाषा आपल्या नियमांत पूर्वीपासून आहे. किती साखळ्या, किती ताकदीच्या, कुठे अडकवलेल्या, याची उंची-रुंदीसारखी आकड्यांतली कसोटी नाही.

मोजायचं की हिशोब करायचा

बाहेरच्या देशांत दोन पद्धती रुजल्या आहेत आणि त्यांचा आपसातला वाद संपलेला नाही.

एक उत्तर अमेरिकेची. नव्वदच्या दशकात कॅनडाच्या पुढाकाराने कॅनडा आणि अमेरिका या दोन्ही देशांनी मिळून बांधणीवर चाचण्या केल्या. त्यातून आलेले अमेरिकी नियम २००२ साली प्रसिद्ध झाले आणि २००४ च्या जानेवारीपासून लागू झाले. त्यांचा गाभा रस्त्यावरच्या पोलिसाला मोजता येईल असा ठेवला आहे. सगळ्या साखळ्या-पट्ट्यांची मिळून कामाची क्षमता मालाच्या निम्म्या वजनाइतकी तरी हवी. लांबीप्रमाणे किती बांधण्या हव्यात तेही ठरलेलं. वीस टनांच्या मालाला दहा टन क्षमता. ‘ग्रेड ७०’ च्या तीन-अष्टमांश इंची साखळीची क्षमता तीन टनांच्या आसपास असते, म्हणजे अशा चार साखळ्या मालावरून घेऊन दोन्ही बाजूंना बांधल्या की कागदावर पुरे. सोपं आहे, म्हणून अंमल होतो. टीका अशी, की घर्षण वेगळं मोजलं जात नाही, त्यामुळे तेलकट पत्रा आणि खरबरीत लाकूड एकाच मापाने मोजले जातात.

दुसरी युरोपची. तिथे ‘ईएन १२१९५-१’ या मानकाप्रमाणे घर्षणांक, पट्ट्याचा कोन, ताण आणि दिशा धरून प्रत्येक भाराचा हिशोब करायचा असतो. २०१० साली त्या मानकात बदल झाला आणि काही आकडे सैल झाले. जर्मनीला ते मान्य झालं नाही. तिथले अभियंते स्वतःच्या ‘व्हीडीआय २७००’ या जास्त कडक मार्गदर्शिकेला धरून राहिले. म्हणजे युरोपातही एकच गाडी एका देशात नीट बांधलेली आणि शेजारच्या देशात कमी बांधलेली ठरू शकते. २०१४ च्या युरोपीय निर्देशाने रस्त्यावरच्या तपासणीत बांधणीच्या दोषांची किरकोळ, गंभीर आणि धोकादायक अशी वर्गवारी दिली, तरी बांधणी तपासायचीच अशी सक्ती केली नाही.

आपल्यासाठी कोणती पद्धत बरी? हिशोबाची पद्धत जास्त खरी आहे, पण ती यार्डात हिशोब करणारं माणूस असेल तरच चालते. आपल्या रस्त्यांवर सुरुवात मोजता येणाऱ्या नियमाने व्हावी, आणि मोठ्या कारखान्यांनी स्वतःच्या फाटकात हिशोबाची पद्धत पाळावी, असं मला वाटतं.

कॉईलचा डोळा कुठे ठेवायचा

पोलादाच्या बांधणीतला सर्वांत अवघड आणि सर्वांत जिव्हाळ्याचा वाद हा आहे. कॉईल म्हणजे गुंडाळलेला पत्रा, मध्ये आरपार भोक. त्या भोकाला जगभर डोळाच म्हणतात. तो आकाशाकडे असेल तर कॉईल बसून राहते, पण तशी ठेवायला पत्र्याचा प्रकार आणि उतरवायची क्रेन दोन्ही तशी लागतात. डोळा पुढे-मागे असेल तर कॉईल बाजूला गडगडण्याची भीती : वळणावर ती शेजारच्या गाडीवर जाते. डोळा डावी-उजवीकडे असेल तर ती पुढे गडगडते, चालकाच्या पाठीत. अमेरिकेतले चालक या शेवटच्या पद्धतीला आत्महत्येचं नाव देतात.

चालकाचा स्वार्थ आणि रस्त्यावरच्या इतरांची सुरक्षितता इथे समोरासमोर येतात. पुढे-मागे डोळा चालकाला बरा वाटतो. आडवा डोळा इतरांना. युरोपने यावर गाडीतच उत्तर शोधलं. कॉईलच्या ट्रेलरच्या तळालाच लांबट खोबण असते, कॉईल तिच्या दोन उतारांवर टेकते, तळाला टेकत नाही. त्यामुळे पुढे-मागे डोळ्याच्या कॉईलला बाजूला गडगडायला उतार चढावा लागतो. पुढे खांब रोवून अडसर करता येतो. अमेरिकेने सपाट गाडीच ठेवली आणि नियम बारीक केले. आडव्या डोळ्याच्या कॉईलला डोळ्यातून जाणारी निदान एक बांधणी पुढे रोखणारी आणि एक मागे रोखणारी हवी. डोळ्यातून तिरप्या साखळ्या घेऊन वरून फुली दिसेल अशी बांधणी नको. कॉईल तळापासून उचलून धरणारा आधार हवा. आणि महत्त्वाचं म्हणजे नुसत्या खिळ्यांनी ठोकलेल्या लाकडी ठोकळ्यांवर भिस्त ठेवायला साफ मनाई. आपल्याकडच्या सपाट गाड्यांवर नेमकी तीच पद्धत जास्त दिसते.

कॉईल पुढच्या भिंतीला टेकवून ठेवली तर निम्मा प्रश्न सुटेल, असं सुचवलं जातं. पण वीस टनांचा नग पुढे सरकवला की पुढच्या आसांवर मर्यादेपेक्षा जास्त वजन येतं. म्हणून ती मध्ये ठेवावी लागते, आणि मधल्या मोकळ्या जागेत सुटलेली कॉईल वेग घेते. शिवाय नेहमीची पुढची भिंत एवढ्या माऱ्यासाठी बांधलेलीच नसते. युरोपीय मानकातल्या साध्या भिंतीची कसोटी जास्तीत जास्त पाच टनांच्या जोराची आहे. वजनाचा कायदा पाळताना बांधणी अवघड होते, ही गाठ सोडवायला गाडीची रचनाच बदलावी लागते.

आपल्या चालकांमध्ये उलटाही एक विचार ऐकायला मिळतो : माल फार पक्का बांधू नये, घाटात गाडी कलली तर माल सुटून जावा, गाडी आणि आपण वाचू. कंटेनरचे कोपरे कुलूपबंद न करता नेण्यामागेही हाच विचार असतो. ज्याला केबिनच्या काचेतून दरी दिसते त्याची भीती समजून घ्यायला हवी. पण सैल माल वळणावर सरकतो, त्याने गाडीचा तोल आधीच जातो, आणि जी गाडी उलटली नसती ती उलटते. या मुद्द्यावर अभियंत्यांमध्ये दुमत नाही.

बांधायचं कोणी, उत्तर द्यायचं कोणी

महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हमालांना संरक्षण मिळालं, लोखंडबाजारासाठी वेगळं मंडळही झालं. पण चढवणं आणि बांधणं ही दोन कामं आहेत. क्रेनने कॉईल ठेवली की चढवण्याचं काम संपतं. बांधायचं काम बहुतेक ठिकाणी चालक आणि क्लीनरवर येतं, त्यांच्याकडे असतील त्या साखळ्यांनी, मागची गाडी हॉर्न वाजवत असताना. कारखान्याबाहेर रांगेत कित्येक तास काढलेल्या माणसाकडून नीट पाचर बसवण्याची अपेक्षा असते.

कारखानदारांची बाजू अशी की गाडी त्यांची नाही, साखळी त्यांची नाही, रस्त्यावर काय होईल ते त्यांच्या हातात नाही. वाहतूकदार म्हणतात, भाडं टनावर ठरतं. चटई, खोबणीचा ट्रेलर, जादा साखळ्या यांचे पैसे त्यात धरलेले नसतात, आणि जो धरतो त्याचं भाडं महाग पडून काम दुसऱ्याला जातं. चालकाचं म्हणणं सर्वांत साधं : चूक कोणाचीही असो, गुन्हा त्याच्या नावावर नोंदतात.

कायदा यात थोडंफार सांगतो. जादा वजनाच्या प्रकरणात गाडी मालकाच्या माहितीने चालवली गेली असं न्यायालय गृहीत धरू शकतं, आणि कलम १९४ मध्ये चालवणाऱ्याबरोबर चालवायला लावणाराही येतो. मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आहे, पण त्याचा रोख माल हरवला किंवा खराब झाला तर भरपाई कोणी द्यायची यावर आहे. माल पाठवणाऱ्याला बांधणीसाठी थेट जबाबदार धरणारी तरतूद दिसत नाही.

जर्मनीच्या व्यापारी कायद्यात वाहतुकीला सुरक्षित अशी भरणी करणं हे माल पाठवणाऱ्याचं काम आहे. गाडी रस्त्यावर सुरक्षित चालेल हे पाहणं वाहतूकदाराचं. ऑस्ट्रेलियाने ‘जबाबदारीची साखळी’ हे तत्त्वच कायद्यात आणलं : पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक ठरवणारा, गाडीचा मालक, सगळे त्यात. अमेरिका मुख्य भार वाहतूकदार आणि चालकावर ठेवते. चालकाला प्रशिक्षण सक्तीचं करावं का, यावरही तिथे वाद झाला. महामार्गावर कॉईल पडण्याच्या घटनांनंतर अलाबामा राज्याने २००९ साली कॉईल नेणाऱ्या चालकांना प्रमाणपत्राची अट घातली. वाहतूकदारांच्या संघटनेने तक्रार केली आणि २०१३ साली केंद्रीय यंत्रणेने ती अट रद्दबातल ठरवली : सुरक्षितता वाढते याचा पुरेसा आधार नाही आणि राज्याराज्यांतल्या व्यापाराला अडथळा होतो, असं कारण दिलं. प्रशिक्षण चांगलं, हे सगळ्यांना मान्य; सक्ती एका राज्यापुरती चालेल का, यावर एकमत नाही. जालन्याची सळई आणि डोलवीची कॉईल राज्याबाहेर जातेच, तेव्हा हा प्रश्न आपल्याकडेही तसाच उभा राहील.

अजून न सुटलेलं

पहिली अडचण आकड्यांची. रस्ते मंत्रालयाच्या वार्षिक अपघात अहवालात जादा भरलेली आणि माल बाहेर आलेली वाहनं असे वर्ग असतात. माल आतल्या आत सरकून झालेला अपघात त्यात वेगळा दिसत नाही. कॉईलने केबिन चिरडली तरी नोंद अतिवेगाची किंवा ब्रेक निकामी झाल्याची होऊ शकते. अपघाताची नोंद आता संगणकावर होते, तेव्हा हा रकाना वाढवणं अवघड नाही. तोवर या विषयावर ठाम बोलणारे सगळेच थोडे अंदाजाने बोलत राहतील.

दुसरी, गाडीतल्या कड्यांची. साखळी कितीही मजबूत असली तरी ती ज्या कड्यात अडकते ते कडं तेवढं टिकायला हवं. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांत साखळी फाळक्याच्या हुकाला किंवा चौकटीला अडकवलेली दिसते. नव्या गाड्यांसाठी नियम करणं सोपं. जुन्यांचं काय करायचं, आणि त्याचा खर्च कोणी करायचा, यावर कोणाकडेच नीट उत्तर नाही. त्यात एबीएस असलेल्या नव्या गाड्या जुन्यांपेक्षा जोरात थांबतात, म्हणजे जुन्या सवयीची बांधणी नव्या गाडीत आणखी अपुरी पडते.

तिसरी, रेल्वेच्या पर्यायाची. कॉईल बसवण्यासाठी खोबणी असलेले वाघिणींचे प्रकार रेल्वेकडे आहेत आणि लांब पल्ल्याला ते निश्चित सुरक्षित. पण मालधक्क्यापासून गिऱ्हाइकाच्या गोदामापर्यंतचे शेवटचे वीस-तीस किलोमीटर ट्रकचेच राहतात, आणि ते बहुधा वस्तीतून जातात.

या सगळ्यातून निवाडा द्यायचा तर मी तो फाटकाच्या बाजूने देईन. रस्त्यावर धावती गाडी थांबवून बांधणी तपासण्याइतकं मनुष्यबळ आपल्या कुठल्याच यंत्रणेकडे नाही. गाडी उभी असते, क्रेन जवळ असते, काटा असतो आणि जाणकार माणसं असतात ती एकच जागा आहे : माल निघतो ते यार्ड. ज्यांच्या यार्डातून उद्या सकाळी कॉईल किंवा सळई निघणार आहे त्यांना विनंती, की कायद्याची वाट न पाहता रबरी चटया आणि दर्जाचा शिक्का असलेल्या साखळ्या यार्डाच्या खर्चाने ठेवाव्यात, आणि काट्याच्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बांधण्या किती, कुठे अडकवल्या, कोणी बांधल्या आणि कोणी तपासल्या एवढं लिहून त्याखाली यार्डाच्या माणसाने सही करावी.